दवाखान्यापुरते इंग्रजी

दर उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला किंवा इंग्लंडला निघालेल्या आईवडिलांच्या सामानात दोन गोष्टी हमखास असतात: नातवंडांसाठी लाडू-चकल्या आणि स्वतःसाठी मुक्काम संपेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या. गोळ्यांची मोजदाद काटेकोर होते, विम्याची चौकशीही होते. पण तिथे आजारी पडलो तर डॉक्टरशी कोण बोलणार आणि कोणत्या भाषेत, हा विषय बहुतेक घरांत निघतच नाही. निघाला तर ‘मुलगा आहे ना’ एवढ्यावर मिटतो.

तो तेवढ्यावर मिटू नये असे आम्हाला वाटते. आयुष्यभर मराठीत नोकरी, शेती, संसार केलेल्या, इंग्रजी थोडेफार वाचता येते पण बोलायची सवय नाही अशा साठी-सत्तरीतल्या माणसाने दवाखान्यापुरते आणि औषधाच्या दुकानापुरते इंग्रजी शब्द शिकून घ्यावेत का? की या वयात, तेही आजारपणासाठी, ही जबाबदारी त्याच्यावर टाकणेच चुकीचे? दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे विचारी आहेत, आणि दोघांच्याही म्हणण्याला अनुभवाचा आधार आहे.

शिकावे म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा वेळेचा आहे. मुलगा-सून कामावर, नातू शाळेत आणि घरात आजी-आजोबा दोघेच, अशी दुपार अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत रोजची आहे. अशा वेळी एकाचे तोंड वाकडे झाले किंवा हात उचलेनासा झाला, तर ९११ ला फोन करून घरचा पत्ता आणि काय झाले ते दुसऱ्याला सांगता आले पाहिजे. फोन घेणारी माणसे दुभाष्याला जोडून घेऊ शकतात, पण त्यात वेळ जातो. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून तिथे विचारला जाणारा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असतो: माणूस शेवटचा ठीक कधी होता? सकाळी उठताना, की जेवताना? घड्याळातली एक वेळ इंग्रजीत सांगता येणे, एवढ्यावर उपचाराची दिशा ठरू शकते.

दुसरा मुद्दा मानाचा आहे, आणि आमच्या मते तो पुरेसा बोलला जात नाही. लघवीवरचा ताबा सुटतो, अंगावरून जाते, रात्र-रात्र झोप लागत नाही, जगणे नकोसे वाटते: या गोष्टी आई मुलासमोर सांगत नाही, आणि जावयासमोर तर नाहीच नाही. मुलाने विचारले की ती ‘काही नाही रे, पाय दुखतात’ एवढेच म्हणते, आणि डॉक्टरांच्या कागदावरही तेवढेच उतरते. तिला स्वतःला चार शब्द बोलता आले असते, तर मुलाला बाहेर बसायला सांगण्याची सोय तरी तिच्या हातात राहिली असती.

दुसरीकडे, शिकवण्याच्या आग्रहाविरुद्ध असलेल्यांचे म्हणणे तितकेच वजनदार आहे. ते म्हणतात, आजारपण ही नवी भाषा वापरून पाहायची वेळ नव्हे. ताप चढलेला, श्वास लागलेला, घाबरलेला माणूस मागाहून शिकलेली भाषा आधी विसरतो. विसरभोळेपणाचा आजार जडलेल्या वृद्धांमध्ये तर उतारवयात शिकलेले शब्द गळून पडतात आणि लहानपणची बोली टिकते, हे अशा माणसांची सेवा करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. मग ज्या क्षणासाठी शिकायचे, त्याच क्षणी शिकलेले दगा देणार असेल, तर वर्ग भरवून काय साधणार?

शिवाय हा हक्काचाही प्रश्न आहे. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार आणि २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यातील १५५७ व्या कलमानुसार, केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी इंग्रजी नीट न येणाऱ्या रुग्णाला भाषेची मदत विनाशुल्क द्यायची असते. २०२४ च्या नियमांनी लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यावर आणीबाणीचा अपवाद सोडून बंदी कायम ठेवली, आणि महत्त्वाच्या मजकुराचे यंत्राने केलेले भाषांतर जाणकार माणसाकडून तपासून घेण्याची अटही घातली. ब्रिटनमध्येही एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या दवाखान्यात दुभाष्याचे पैसे रुग्णाला मोजावे लागत नाहीत. ‘तुम्हीच थोडे इंग्रजी शिका’ असे आपणच म्हणू लागलो, तर ज्याची जबाबदारी आहे ती व्यवस्था हात झटकायला मोकळी होते. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला आणि भाषासाहाय्यासंबंधीचा क्लिंटन यांच्या काळातला २००० चा आदेश रद्द केला. वरचे दोन्ही कायदे शाबूत आहेत. तरीही वारे कोणत्या दिशेचे आहे हे पाहता हक्काविषयीची ही काळजी अनाठायी म्हणता येणार नाही.

मात्र हक्क कागदावर असणे आणि रात्री दोन वाजता तो हाताशी असणे यांत अंतर आहे. स्पॅनिश बोलणाऱ्यांना अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत प्रत्यक्ष दुभाषी भेटतो. मराठीसाठी तो बहुधा फोनवर किंवा पडद्यावर शोधावा लागतो, आणि लगेच सापडला नाही तर ‘हिंदी चालेल का?’ असे विचारले जाते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हिंदी चालून जाते. सांगोल्याच्या किंवा सावंतवाडीच्या आजीला ती सिनेमातली समजते, पण छातीतली धडधड हिंदीत सांगायची म्हटले तर जमेलच असे नाही. व्यवस्थेने द्यावे हे खरे, पण व्यवस्था देईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास रुग्णालाच निभवायचा असतो.

मुलाने दुभाषी व्हावे, हा घरगुती तोडगा सर्वांना सोपा वाटतो. त्याचे फायदे खरे आहेत. मुलाला आईचा इतिहास माहीत असतो, तो जवळ असला की तिला धीर येतो, आणि घरी परतल्यावर गोळ्या वेळेवर देणाराही तोच असतो. उलट, तो दुभाषी म्हणून उभा राहिला की त्याला मुलगा म्हणून उभे राहायला जागा उरत नाही. वाईट बातमी तो गाळून सांगतो. आईने सांगितलेले त्याला फुगवलेले वाटले तर कापतो, आणि तिने न सांगितलेले स्वतःच्या अंदाजाने भरतो. अमेरिकेत बालरुग्णांच्या एका बाह्यरुग्ण विभागात स्पॅनिश भाषकांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून केलेला अभ्यास २००३ मध्ये ‘पीडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात आला. त्यात दर भेटीत सरासरी ३१ चुका आढळल्या. उपचारावर परिणाम होऊ शकेल अशा चुकांचे प्रमाण वेळेपुरत्या पुढे केलेल्या दुभाष्यांच्या बाबतीत ७७ टक्के होते, तर रुग्णालयाच्या दुभाष्यांच्या बाबतीत ५३ टक्के. हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. घरचा माणूस धोक्याचा आहे, आणि रुग्णालयाचा दुभाषीही निर्धोक नाही. म्हणजे स्वतःला काहीच कळत नसलेला रुग्ण दोन्हीकडे दुसऱ्याच्या हवाली असतो.

येथवर पारडे शिकण्याकडे झुकते. पण विरोधी बाजूचा एक मुद्दा असा आहे की त्याच्याशी आम्ही सर्वांत जास्त झगडलो: अर्धे इंग्रजी हे शून्य इंग्रजीपेक्षा कधीकधी अधिक घातक ठरते. ज्याला काहीच येत नाही त्याच्यासाठी दुभाष्याला बोलावले जाते. जो ‘गुड मॉर्निंग डॉक्टर’ म्हणतो, ‘येस, येस’ म्हणत मान हलवतो, त्याला सगळे समजते असे धरून डॉक्टर पुढे बोलत राहतात. वडीलधाऱ्या मराठी माणसाला डॉक्टरला ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणणे उद्धटपणाचे वाटते, हेही खरेच. त्यात भर पडते ती आपण इंग्रजी समजतो अशा शब्दांची. छातीत दाटून आले की आपल्याकडे ‘गॅस झाला’ म्हणतात. अमेरिकेतला डॉक्टर हा शब्द ऐकून पोटाकडे वळतो, आणि दुखणे कदाचित हृदयाचे असते. ‘लूज मोशन’ तिथे कुणाला कळत नाही. ‘प्रेशर आहे’ म्हटले तर रक्तदाब की छातीवरचा दाब, हा प्रश्न पडतो. हे शब्द आपण इतकी वर्षे वापरले की ते आता मराठीच आहेत, आणि नेमके म्हणूनच परदेशात ते फसवतात.

आपल्या मातृभाषेतली दुखण्याची भाषा किती बारकाईची आहे हे इथे लक्षात घेतले पाहिजे. कळ, ठणका, चमक, तिडीक, जळजळ, मुंग्या यांतला फरक घरातल्या पोरालाही कळतो, आणि निदान करताना हाच फरक कामाचा असतो. उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली हे रक्तदाबाचे किंवा हृदयाचे लक्षण असू शकते. घर गरगर फिरते हे बहुधा कानाच्या आतल्या भागाचे. मराठीत विचारले तर आजी हे दोन वेगळे करून सांगते. इंग्रजीतला एकच पाठ केलेला शब्द बोलून ती दोन्ही एकत्र करून टाकते. म्हणून लक्षणांचे इंग्रजी शब्द पाठ करून घेण्याच्या आग्रहाबद्दल आम्ही साशंक आहोत. जे मराठीत नेमके सांगता येते ते इंग्रजीत मोघम सांगायला शिकवणे ही सुधारणा नव्हे.

औषधांच्या बाबतीत मात्र चित्र अगदी वेगळे आहे, आणि चर्चेत ते फार कमी येते. गोळीचे नाव भावनेने सांगायचे नसते. ते नेमके असते किंवा चूक असते, आणि ते शिकता येते. आपल्याकडे माणूस गोळी ओळखतो ती दुकानी नावाने: इकोस्प्रिन, थायरोनॉर्म, ग्लायकोमेट, टेल्मा. यांतले कोणतेही नाव अमेरिकेतल्या डॉक्टरला काही सांगत नाही. ॲस्पिरिन, लिव्होथायरॉक्सिन, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन ही मूळ नावे सांगितली की लगेच कळतात. ‘टेल्मा-एएम’ दिसते एक गोळी, पण त्यात टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन अशी दोन औषधे असतात. पित्तासाठी सर्रास घेतली जाणारी ‘पॅन-डी’ घ्या. तिच्यातल्या डॉमपेरिडोनला अमेरिकेत मान्यताच नाही. तिथल्या दुकानात ती मिळणार नाही, आणि हे औषध आपण रोज घेतो हे तिथल्या डॉक्टरला कुणी सांगितले नाही तर त्याला कळायचा मार्गही नाही.

त्यातही एक नाव प्रत्येकाने शिकावेच. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, क्रोसिन किंवा डोलो म्हणून घेतो, ते अमेरिकेत ‘ॲसिटामिनोफेन’ या नावाने विकले जाते. टायलेनॉल म्हणजे तेच. सर्दी-खोकल्यासाठी चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या नायक्विलसारख्या अनेक औषधांतही तेच असते. भारतातून आणलेली डोलो, सुनेने दिलेली टायलेनॉल आणि रात्रीचे सर्दीचे औषध ही तीन वेगवेगळी औषधे समजून एकाच दिवशी घेणारा माणूस प्रत्यक्षात एकच औषध तिप्पट घेतो. प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा सामान्यतः ४ ग्रॅम धरली जाते, आणि ती ओलांडली तर यकृताला इजा होऊ शकते. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिथे ‘अल्ब्युटेरॉल’ होते. हे दोन-तीन शब्द वर्षानुवर्षांच्या संभाषण वर्गापेक्षा जास्त उपयोगाचे आहेत, असे म्हणण्यात आम्हाला अतिशयोक्ती वाटत नाही.

औषधाच्या दुकानातले बोलणेही आटोपशीर असते. अमेरिकेत चिठ्ठी बहुधा संगणकाने थेट दुकानात पोचलेली असते. काउंटरवर नाव आणि जन्मतारीख विचारतात, आणि ती महिना आधी अशा क्रमाने सांगायची असते. पाच जूनला जन्मलेल्या माणसाने ५ आणि ६ हे आकडे आपल्या सवयीने सांगितले, तर नोंद सहा मे अशी शोधली जाते. पुढे ‘फार्मासिस्टला काही विचारायचे आहे का?’ असा प्रश्न येतो. १९९० च्या केंद्रीय कायद्याचा परिणाम म्हणून औषध समजावून सांगण्याची तयारी दाखवणे हे तिथल्या बहुतेक राज्यांत फार्मासिस्टचे कर्तव्य झाले आहे. आपला माणूस मागे रांग आहे म्हणून संकोचाने ‘नो, थँक यू’ म्हणतो, आणि हातचा मोफत सल्ला जातो. तिथे ‘येस’ म्हणावे आणि दुभाषी मागावा, एवढे शिकवले तरी पुष्कळ.

इथेही सावध राहायला कारण आहे. लेबल वाचता येणे म्हणजे ते समजणे नव्हे. २००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी बोलणाऱ्या ३९५ रुग्णांना औषधांची लेबले दाखवली होती. ज्यांची वाचनक्षमता कमी होती त्यांच्यापैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ‘दोन गोळ्या, दिवसातून दोनदा’ ही सूचना बरोबर बोलून दाखवली. दिवसभरात किती गोळ्या होतात हे मात्र त्यांच्यातल्या जेमतेम ३५ टक्क्यांनाच मोजून दाखवता आले. हे लोक इंग्रजीच बोलणारे होते. म्हणजे शब्द शिकवणाऱ्याने शब्दावर थांबू नये. गोळ्या हातात देऊन ‘सकाळी किती, रात्री किती, जेवणाआधी की नंतर’ असे मांडून दाखवायला लावावे. दुसऱ्या टोकाला, यंत्राने छापलेली भाषांतरित लेबले हाच उपाय समजणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला २०१० चा अभ्यास पाहावा. तिथल्या दुकानांतून मिळालेल्या स्पॅनिश लेबलांपैकी निम्म्यांत चुका होत्या. कोट्यवधी लोकांच्या भाषेची ही गत, तर मराठी लेबलाची वाट पाहत बसण्यात शहाणपण नाही.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी आणखी एक पोटप्रश्न आहे, आणि तो शब्दांपेक्षा आकड्यांचा आहे. आपल्याकडे साखर १८० म्हणतात ती तिथे १० असते, कारण मोजण्याचे एकक वेगळे. तीन महिन्यांच्या सरासरीचा जो आकडा आपण ६.५ टक्के म्हणून ओळखतो, तो तिथे ४८ म्हणून लिहिला जातो. तापही सेल्सिअसमध्ये. हे कागदावर लिहून नेले की काम भागते.

सगळे तोलून पाहता आमचा कौल शिकण्याच्या बाजूने आहे. पण काय शिकायचे याची निवड नेहमीच्या ‘इंग्रजी संभाषण’ पुस्तकांपेक्षा वेगळी हवी. ती पुस्तके ‘माझे डोके दुखते’, ‘मला ताप आहे’ येथून सुरू होतात. आमच्या मते सर्वांत आधी शिकण्याचे वाक्य आहे ते दुभाषी मागण्याचे: माझी भाषा मराठी, मला दुभाषी हवा. त्यानंतर ‘मला समजले नाही’ हे न लाजता म्हणणे. मग स्वतःच्या औषधांची मूळ नावे आणि मिलिग्रॅम, कशाची ॲलर्जी आहे ते, कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या आणि कोणत्या साली. नंतर आणीबाणीचे मोजके शब्द, घरचा पत्ता, आणि घड्याळातली वेळ. दुखणे कसे आहे, कधीपासून, कशाने वाढते, कशाने थांबते, हे सारे मराठीतच, दुभाष्याकरवी, सावकाश सांगावे. मुलाने शेजारी मुलगा म्हणून बसावे.

यावर कुणी म्हणेल की एवढे थोडे शिकवून अर्ध्या इंग्रजीचा धोका तसाच राहतो. ही शंका आम्ही सहज बाजूला सारत नाही. पण दुभाषी मागणारे इंग्रजी आणि दुभाषी टाळणारे इंग्रजी यांत फरक आहे. ज्याने पहिले वाक्यच मदत मागण्याचे शिकले, त्याला डॉक्टर चुकून इंग्रजीत पारंगत समजणार नाहीत. उलट, काहीच न शिकलेला, पण चारचौघांत सभ्यपणे मान हलवणारा माणूस आजही सगळीकडे तसा समजला जातोच.

काम कुणी करायचे, हे ठरवणे फार अवघड नाही. अमेरिकेतल्या गावोगावच्या महाराष्ट्र मंडळांत नातवंडांसाठी मराठी शाळा चालतात. त्याच शनिवार-रविवारी, त्याच इमारतीत, आजी-आजोबांची तासाभराची बैठक घेता येईल. शिकवायला मंडळातलाच एखादा डॉक्टर किंवा फार्मासिस्ट मिळेल, आणि वहीऐवजी प्रत्येकाने आपल्या गोळ्यांची पिशवी आणावी. त्याहून सोपे काम इथले डॉक्टर रुग्ण निघण्यापूर्वीच करू शकतात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २०१६ च्या दुरुस्तीप्रमाणे औषधांची मूळ नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिणे अपेक्षित आहेच. परदेशी निघालेल्या रुग्णाने तशी चिठ्ठी मागितली, तर तो काही जगावेगळे मागत नाही.

ज्यांना हे नको वाटते त्यांच्यावर मात्र ते लादू नये. ऐंशी ओलांडलेली, ऐकू कमी येणारी, मुलाच्या आग्रहाने प्रथमच विमानात बसलेली आजी शब्द पाठ करायला तयार नसेल, तर तिला ते न जमणे ही तिची उणीव नव्हे. तिच्यासाठी औषधांची मूळ नावे इंग्रजीत लिहिलेला एक कागद तिच्या पर्समध्ये ठेवावा. दवाखान्याची वेळ घेतानाच मुलाने ‘रुग्णाची भाषा मराठी, दुभाषी लागेल’ अशी नोंद करायला सांगावी, आणि भेटीच्या आदल्या दिवशी फोन करून दुभाष्याची सोय झाली आहे ना, हे पुन्हा विचारावे.